नात्यात नसलेला आवाज

अण्णांचं लायसन शुक्रवारी सकाळी पावणेबारा वाजता गेलं. गाडी पास झाली आणि अण्णा नापास झाले.

तर आता हे आपल्याला माहीत नाही असं समजायचं. आज सोमवार आहे, थंडी मरणाची पडलीय, लायसन जागच्या जागी आहे आणि बारकी पहिल्या एसटीने फाट्यावर उतरून हातावर फुंकर मारत घराकडे चाललीय.

बारकी सव्वीस वर्षांची होती आणि उंचीने अण्णांच्या वर दोन बोटं होती. पण नाव एकदा पडलं ते पडलं, ते बदलून घ्यायला कुणी गेलं नाही. ती शहरातल्या मोठ्या गॅरेजात चाकांच्या विभागात होती. तिथे चाक मशीनवर चढवायचं, मशीन फिरायचं, आणि कुठल्या बाजूला किती शिसं मारायचं ते आकड्यात सांगायचं. माणसाने फक्त मान डोलवून हातोडी उचलायची. चार वर्षं ती मान डोलवत होती.

तिला बोलावून घेतलं अंडेवालीने. शनिवारी फोन आला.

"तुझ्या बापाची गाडी वाजतेय."

"कुठं वाजतेय, मावशी?"

"मला काय माहीत कुठं? मी अंडी विकते. गावात शिरली की वाजते. टण्, खळ्, टण्. दीडशे अंडी मांडीवर घेऊन बसलेली असते मी, प्रत्येक टणला एकेक अंडं माझ्याकडे बघतं. आणि शुक्रवारी पासिंग आहे म्हणे. साहेब काय कानात बोळे घालून येणारेत?"

शुक्रवारी पासिंग होतं हे खरं. गाडीचं पासिंग आणि अण्णांचं लायसन, दोन्ही एकाच तारखेला संपायचं, कारण दोन्ही एकाच दिवशी निघालेलं होतं, बारकीच्या जन्माच्या आदल्या वर्षी. तेव्हापासून गाव ते फाटा, फाटा ते बाजाराचं गाव, दिवसाला चार खेपा. घर त्या चार खेपांवर उभं होतं. गाडी पडली किंवा अण्णा पडले, तर घराला कुलूप लावायचं आणि दोघांनी शहरात बारकीच्या खोलीत राहायला जायचं, असं आईने आधीच सांगून ठेवलं होतं. त्या खोलीत बारकीने पाय लांब केले की दार उघडायचं.

ती अंगणात आली तेव्हा अण्णा जुन्या पेपरने गाडीची पुढची काच पुसत होते. दव पडलेलं. अनवाणी होते, नेहमीसारखे. गाडी चालवताना त्यांनी कधी पायात काही घातलं नाही. पायतण घालून गाडी चालवणं म्हणजे हातमोजे घालून नाडी बघणं, असं ते म्हणत.

"अण्णा, गाडी वाजतेय म्हणे?"

त्यांनी तिच्याकडे बघितलं, तिच्या पिशवीकडे बघितलं, आणि चेहरा उजळला.

"बघू," म्हणाले.

आई दारात आली. हात ओले, कपाळावर आठी.

"कशाला आलीस मधेच? रजा वाया."

"गाडी वाजतेय ना."

"कोण म्हणालं? मला नाही बाई काही ऐकू आलं."

हे जरा अवघड होतं. पलीकडच्या गल्लीत कोण खोकलं, खोकला कोरडा की ओला आणि कधीपासूनचा, हे आई चुलीपुढून सांगत असे. तिला ऐकू आलं नाही म्हणजे एक तर आवाज नव्हता, किंवा आई खोटं बोलत होती. आई खोटं बोलणारी नव्हती, त्यामुळे बारकीने चहा घेतला आणि गाडीत जाऊन बसली.

*

या घरात आवाजांना नाती होती.

हे अण्णांनी सुरू केलं. बारकी पाच-सहा वर्षांची असताना रिकाम्या खेपेला ती पुढे बसायची आणि आई मागे, मांडीवर शेंगा सोलायला घेऊन. अण्णा उतारावर इंजिन बंद करायचे, गाडी नुसती घरंगळत जायची आणि ते विचारायचे, "कोण बोललं?"

मागच्या अॅक्सलच्या गोळ्यातून बारीक रडका सूर आला की ती आत्या. आत्याला तेल कमी पडलं की ती रडायची; खऱ्या आत्याचंही तसंच होतं, तिलाही सगळीकडे काहीतरी कमी पडायचं. सायलेन्सरची पट्टी ढिली झाली की मामा. मामा खड्ड्याखड्ड्याला बडबडायचा, पण त्याच्याने गाडी अडायची नाही. चाकाचं बेअरिंग जायला आलं की आजी. आजी गुणगुणायची, आधी लांबून, मग जवळून, आणि डावं वळण घेतलं की सूर बदलायची, म्हणजे उजव्या बाजूची, बापाची आई; डाव्या बाजूची ती आईची आई. क्लच सोडताना खालून एकच 'टक' आला, तर तो जावई: क्रॉसचा सांधा झिजलेला. एकदाच बोलणार, पण लक्ष दिलं नाही तर रस्त्यात उभं करणार.

"कोण बोललं?"

"आजी."

"कुठली? आईची आई की बापाची?"

"बापाची. डावीकडे वळलो की ओरडते."

"शाबास."

हे सगळं चुकीचं कुठेच नव्हतं. बारकी शहरात गॅरेजच्या परीक्षेला बसली तेव्हा तिला सगळी उत्तरं येत होती, फक्त ती जावई आणि आत्या असं लिहून आली होती. दुसऱ्यांदा बसावं लागलं.

ते उतार तिला आता शहरात झोप लागायच्या आधी आठवायचे. इंजिन बंद, खिडकीतून गार वारा, टायरखाली खडी चिरडल्याचा कुरकुर आवाज, मागे शेंगा फुटल्याचा टिक टिक. आणि अण्णांचा कान जरासा तिरका, कुणीतरी लांबून हाक मारतंय असा.

*

सोमवारच्या खेपेला गाडीत आसनं नऊ आणि माणसं बारा होती. अंडेवाली टोपलीसकट. तिच्याशेजारी निवृत्त गुरुजी, गुडघ्यावर वही.

"मी नोंदी ठेवल्यात," गुरुजी म्हणाले. "चार तारीख, सकाळी सात वाजून दहा मिनिटं, शाळेचं वळण, टण् तीन वेळा. सात वाजून बारा, पाण्याची टाकी, खळ् एक वेळा. सात वाजून वीस, मोठा रस्ता, निरंक."

"निरंक म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. मोठ्या रस्त्याला लागली की गप्प."

गाडी निघाली आणि आवाज आला. टण्. खळ्. टण्. बारकीने अण्णांकडे बघितलं. अण्णा समोर बघत होते. चेहऱ्यावर काही नाही, कान तिरका नाही.

"अण्णा, कोण बोललं?"

अण्णांनी गिअर बदलला.

गुरुजी म्हणाले ते बरोबर निघालं. गल्लीत, वळणावर, पाणंदीत आवाज होता. मोठ्या रस्त्यावर काटा पस्तीसच्या पुढे गेला आणि आवाज बंद झाला. बेअरिंग असतं तर वेगाबरोबर वाढलं असतं. सायलेन्सर असता तर खड्ड्यात जास्त, सपाटीला कमी. पळायला लागलं की बरं वाटतं असं दुखणं बारकीने गाडीत पाहिलं नव्हतं. माणसातही नाही.

पन्नासला मात्र दुसरंच काहीतरी सुरू झालं. स्टिअरिंग थरथरायला लागलं, थंडीने हात कापावेत तसं. अण्णांनी एक हात सोडून तळवा काचेखालच्या पत्र्यावर ठेवला. डोळे उघडेच होते, पण बघणं बंद झाल्यासारखं.

"पुढचं," म्हणाले. "तुझ्या बाजूचं चाक. रिंगच्या आत चिखल वाळलाय, वरच्या अंगाला. मूठभर."

"कशावरून?" अण्णांनी मान तिच्याकडे वळवली तेव्हा तिने विचारलं.

"मागचं असतं तर बुडाला कळलं असतं. हाताला कळतंय म्हणजे पुढचं. आणि नट ढिले असते तर हळू असतानाही कळलं असतं."

फाट्यावर गाडी लावून बारकी चाकाखाली आडवी झाली. आतल्या बाजूला वाळलेल्या चिखलाचा पोपडा होता. खरवडला तर मूठभर. मशीनने हेच सांगितलं असतं, आकड्यात.

"आणि ती टणटण?" तिने खालूनच विचारलं.

अण्णा रुमालाने हात पुसत दुसरीकडे बघत होते. उत्तर आलं नाही. ती बाहेर येऊन समोर उभी राहिली, पुन्हा विचारलं.

"बघू," अण्णा म्हणाले.

तिला वाटलं, राग आहे. चार वर्षांपूर्वी ती शहरात गेली तो राग. फोनवरही ते येईनासे झाले होते, आईच बोलायची: अण्णा बरे आहेत, अण्णा आत्ताच बाहेर गेले.

*

मंगळवारी तिने शास्त्रशुद्ध पद्धतीने घ्यायचं ठरवलं.

आधी उतारावर इंजिन बंद केलं. टणटण चालूच, म्हणजे इंजिन नाही. मग डावीकडे-उजवीकडे वळवून बघितली, फरक नाही, म्हणजे बेअरिंग नाही. ब्रेक हलका दाबून ठेवला, फरक नाही. क्लच सोडला, धरला. जावई नाही. मामाला दोन्ही हातांनी हलवून बघितलं, घट्ट. सगळे नातेवाईक एकेक करून विचारून झाले, सगळे म्हणाले आम्ही नाही. या आवाजाचं कुणाशीच नातं लागत नव्हतं.

मग तिने गावच्या रस्त्यावर गाडी माणसाच्या चालीने चालवली आणि प्रत्येक चाकाबरोबर एकेक माणूस चालत नेलं, कमरेत वाकून, कान चाकाकडे लावून. पुढचं डावं गुरुजी, पुढचं उजवं अंडेवाली. मागच्या उजव्याला न्हावी आला. दुकानात गिऱ्हाईक होतं, अर्ध्या दाढीचं, तेही आलं.

"मागचं डावं मी बघते," आई म्हणाली.

"तुला तर ऐकूच येत नाही ना?"

"म्हणून काय झालं? चालता तर येतं."

अशी मिरवणूक निघाली. मधे गाडी, चारी बाजूंनी वाकलेली माणसं. रस्त्यावरचा एक कुत्रा थोडा वेळ बरोबर चालला आणि मग त्यालाच कसंतरी वाटून परत फिरला.

"इथेच आहे," गुरुजी ओरडले. "पुढचं डावं."

"माझ्यात आहे," अंडेवाली म्हणाली. "स्पष्ट."

"मागचं उजवं," न्हावी म्हणाला. अर्ध्या दाढीने मान हलवली.

"आई, तुझ्यात?"

आई मागच्या डाव्या चाकाच्या इतकी जवळ चालली होती की पदराला धूळ लागली होती.

"इथं काही नाही," ती म्हणाली. "अगदी शांत आहे."

तीन जण आपापलं चाक सोडायला तयार नव्हते. ज्याला त्याला आपलंच चाक वाजतंय असं वाटत होतं आणि त्यात थोडा अभिमानही होता. बारकीने वहीत तिन्ही चाकं लिहून घेतली. चौथं लिहिलं नाही, कारण आई खोटं बोलणारी नव्हती.

*

बुधवारी तिने तीन चाकं उतरवली. सकाळपासून अंगणात जॅक, पान्हे, ग्रीसचा डबा, खाली गोणपाट. जमीन इतकी गार की पाठ पहिल्या पाच मिनिटांत बधिर झाली आणि मग सोयीचं झालं. लोखंडाला हात लावला की बोटं झिणझिणायची. एक नट गंजून बसलेला, त्याच्यावर उभं राहून पाय द्यावा लागला. पान्हा सुटला आणि नडगीला लागला. तिने शिवी गिळली, आई जवळ होती.

तिन्ही चाकांत काही निघालं नाही. ब्रेकच्या पट्ट्या चांगल्या, बेअरिंगला ग्रीस व्यवस्थित. अण्णांनी गाडी पोटच्या पोरीसारखी, किंबहुना पोरीपेक्षा बरी, ठेवली होती.

दुपारी ती गाडीखाली होती आणि तिला फक्त अण्णांच्या टाचा दिसत होत्या, भेगा पडलेल्या, डिझेलने काळ्या झालेल्या.

"अण्णा, सतराचा पान्हा द्या."

टाचा हलल्या नाहीत.

"अण्णा. सतराचा."

टाचांनी वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर टाकलं. राग किती दिवस धरायचा याला काही मर्यादा आहे, असं बारकीच्या मनात आलं आणि तिने वैतागून हातातली हातोडी मागच्या ड्रमवर आदळली. लोखंडावर लोखंड. कोंबड्या उडाल्या, शेजारच्या घरात कुणीतरी भांडं पाडलं.

टाचा तशाच होत्या. पण एक क्षण गेला आणि दोन्ही अंगठे जमिनीत किंचित रुतले. अण्णा वाकले आणि गाडीखाली बघून म्हणाले, "काय पडलं?"

त्यांना आवाज आला नव्हता. जमिनीतून कळलं होतं.

बारकी खाली पडून राहिली. वरून अॅक्सलमधलं तेल एक थेंब होऊन लोंबत होतं, पडत नव्हतं. चार वर्षांचे सगळे फोन तिने मनात परत लावून ऐकले. 'बघू' हे उत्तर कुठल्याही प्रश्नाला चालतं. पावसाळ्यापूर्वी छप्पर करायचं का, बघू. मीठ जास्त झालंय का, बघू. म्हणून तर कुणाला शंका आली नाही. बहुतेक घरांत बाप ऐकू येत असूनही एवढंच बोलतो.

ती बाहेर आली, त्यांच्या समोर उभी राहिली आणि ओठ नीट हलवून म्हणाली, "काही नाही. हातोडी निसटली."

"बरं," अण्णा म्हणाले. "सतराचा हवाय ना? तिथला नट सतराचाच."

*

आई मागच्या ओट्यावर भांडी घासत होती. ऊन कलत आलं होतं.

"किती दिवस?" बारकीने विचारलं.

आईने भांड्यातून मान वर काढली नाही. "तीन वर्षं. आधी डावा गेला. मग उजव्याला एकटं करमेना."

"डॉक्टर?"

"एकदा गेले. मशीन लावा म्हणाले कानात. मशीन लावलं की सगळ्यांना दिसणार, दिसलं की लायसन जाणार. काढून ठेवलं."

"आणि बारा जणांना घेऊन रोज चार खेपा."

आईने घासणं थांबवलं. राखेचे हात तसेच गुडघ्यावर ठेवले.

"दिवाळीनंतरची गोष्ट," ती म्हणाली. "शाळेच्या वळणावर मेंढरं होती. मागे म्हातारी. मी मागच्या सीटवर होते. हे हॉर्न दाबतायत, दाबतायत, आणि म्हातारी हलतच नाही. ऐन वेळी ब्रेक लागला. घरी येऊन बघितलं तर हॉर्नची वायर तुटलेली. किती दिवसांची कोण जाणे. तेवढे दिवस हे नुसतं बटण दाबत होते."

"मग?"

"मग वायर जोडून घेतली. पण परत तुटली तर यांना कोण सांगणार? मी काय रोज बरोबर असते?" ती उठली, हात धुतले, पदराला पुसले. "चल. मागचं डावं चाक उघड."

बारकीने चाकाच्या मधलं पत्र्याचं झाकण पान्ह्याच्या टोकाने उचकटलं. आत तीन नट होते. मोठे, जाड, विहिरीवरच्या जुन्या पंपाचे. पुसून, तेल लावून ठेवलेले.

"हळू असली की खाली-वर पडतात, वाजतात," आई म्हणाली. "म्हणजे गावात लोक बाजूला होतात. मोठ्या रस्त्याला जोरात फिरायला लागली की कडेला चिकटून बसतात, गप्प. तिथं मेंढरं नसतात, उगाच कशाला कटकट."

बारकी नटांकडे बघत राहिली. शहरातल्या गॅरेजात नऊ माणसं होती आणि एक आयात केलेलं मशीन होतं. यातल्या कुणालाही हे सुचलं नसतं.

"तुला हे कुणी शिकवलं?"

"शिकवायला कशाला पाहिजे? तुम्ही दोघं पुढे बसून कोण बोललं, कोण बोललं करत होता. मी मागेच होते की. शेंगा सोलायला कान कुठे लागतात?"

"मग कधी बोलली का नाहीस?"

"मला कुणी विचारलं?"

*

गुरुवारी आईने योजना मांडली. नट काढायचे. शुक्रवारी साहेब अण्णांच्या शेजारी बसून मैदानात चक्कर मारायला लावणार. साठी उलटलेल्या प्रत्येकाला लावतात. बारकीने अण्णांच्या मागे बसायचं. साहेब डावीकडे म्हणाले की डाव्या खांद्याला बोट, उजवीकडे म्हणाले की उजव्या. थांबा म्हणाले की पाठीवर थाप.

अण्णांना सांगायचं काम आईनेच केलं. त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "हिला कळलं."

अण्णांनी स्वतःच्या तळहातांकडे बघितलं.

"इंजिन येतं मला ऐकू," ते म्हणाले. "पायातून."

"हो," बारकी म्हणाली. "पण म्हातारी पायातून ऐकू येत नाही, अण्णा."

ते त्यांनी ओठांवरून नीट वाचलं. दुपारी रिकाम्या शेतात तिघांनी सराव केला. डावा खांदा, उजवा खांदा, पाठ. संध्याकाळपर्यंत अण्णा इतके तयार झाले की बारकीने सदऱ्याला लागलेलं गवत काढायला हात लावला तरी गाडी वळायची.

*

शुक्रवारी मैदानात अकरा गाड्या होत्या. साहेब तरुण होता, नाक गळत होतं, हातात पाटी आणि पेन. त्याने गाडीच्या खाली बघितलं, वर बघितलं, दिवे लावायला सांगितले, हॉर्न वाजवून बघितला. वाजला. मग अण्णांच्या शेजारी बसला. बारकी मागे.

"चला."

बोट लावायची गरज पडली नाही, अण्णांना साहेबाची पाटी हलताना दिसली. गाडी निघाली. इतकी शांत गाडी बारकीने जन्मात ऐकली नव्हती. आत्या नाही, मामा नाही, आजी नाही. कुणीच नाही. घरातली सगळी माणसं एकदम गावाला गेल्यासारखं वाटलं.

"डावीकडे घ्या."

डावा खांदा. गाडी डावीकडे.

"छान ठेवलीय हो गाडी," साहेब म्हणाला. "उजवीकडे."

उजवा खांदा. अण्णांचा सदरा मानेजवळ विरलेला होता, तिथे आईने आतून ठिगळ लावलं होतं. बारकीला ते इतक्या जवळून दिसत होतं की टाके मोजता आले असते.

"थांबा," साहेब म्हणाला.

बारकीने हात उचलला. पाठीपासून चार बोटांवर नेला आणि तो तिथेच राहिला. तिला वाटलं होतं हात आपोआप जाईल. गेला नाही. त्या चार बोटांत शाळेचं वळण होतं, आणि पलीकडे शहरातली ती खोली होती, जिच्यात पाय लांब केले की दार उघडतं.

"थांबा म्हटलं," साहेब म्हणाला. गाडी मैदानाच्या टोकाला वळून परत निघाली. "अहो. थांबा." तो अदबीनेच म्हणत होता. दुसरी फेरी झाली. रांगेत उभ्या असलेल्या ड्रायव्हरांनी बिड्या खाली घेतल्या. साहेबाने मागे वळून बारकीकडे बघितलं, तिच्या हवेत राहिलेल्या हाताकडे बघितलं. मग समोर भिंत यायला लागली तसा त्याने घाबरून दोन्ही पाय खाली गच्च दाबले.

अण्णांना ते पत्र्यातून कळलं आणि त्यांनी ताबडतोब गाडी थांबवली.

"साहेब," ते म्हणाले, "तुमच्या बाजूला ब्रेक नाही."

साहेबाने नाक पुसलं. मग अण्णांकडे पूर्ण वळून, सावकाश विचारलं, "किती दिवस ऐकू येत नाही?"

अण्णांना 'बघू' म्हणता आलं असतं. सगळ्या प्रश्नांना चालतं ते.

"तीन वर्षं," ते म्हणाले.

घड्याळात पावणेबारा झाले होते.

*

परत येताना बारकी स्टिअरिंगवर होती आणि अण्णा शेजारी. आई मागे. अण्णांनी पाय वर घेतले नाहीत, खाली पत्र्यावर सपाट ठेवले. मोठा रस्ता लागला.

"हात दिसत होता मला," अण्णा म्हणाले. "कान गेलेत. आरसा नाही गेला. तुझं काय ठरतंय ते बघत होतो."

बारकीने मान त्यांच्याकडे वळवली, म्हणजे ओठ दिसतील.

"रस्त्याकडे बघ," अण्णा म्हणाले. मग तळवा काचेखालच्या पत्र्यावर ठेवला. "आणि तिसरा टाक. केव्हाची दुसऱ्यात रडवतेयस."

तिने तिसरा टाकला. मागून आईने नाक ओढल्याचा आवाज आला. तो फक्त एकीलाच ऐकू आला.

बारकीने गॅरेजला रजा वाढवल्याचं कळवलं. आधी आठवडा, मग महिना, मग त्यांनीच विचारणं सोडलं. अण्णा रोज चारी खेपांना शेजारी बसू लागले. "क्लच अर्धवट सोडतेस." "मागचं टायर थंडीने बसलंय, हवा बघ." "पुढच्या उजव्यात आजी यायला लागलीय, अजून लांब आहे." आजी तीन आठवड्यांनी आली, पुढच्या उजव्यातच.

अडचण एवढीच होती की पुढची ती जागा गिऱ्हाइकाची होती. न्हावी एकदा म्हणालाही, "अण्णा, तुम्ही आता ड्रायव्हर नाही, पॅसेंजरही नाही. मग पुढे बसता कशाच्या जोरावर?" तो गमतीत म्हणाला होता. अण्णांनी ते ओठांवरून वाचलं आणि दोन दिवस मागे जाऊन बसले, टोपलीशेजारी. तिसऱ्या दिवशी त्यांनी गुरुजींना वही उघडायला सांगितली. मजकूर अण्णांचा, भाषा गुरुजींची. पाकीट बारकीने स्वतः नेऊन दिलं आणि पोच घेतली.

प्रति,
मा. परिवहन अधिकारी यांस,

विषय : चालकाशेजारील आसनावर बसून तळहात व तळपाय यांनी गाडी ऐकण्याचा परवाना मिळणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंती अर्ज करण्यात येतो की, अर्जदाराचा गाडी चालविण्याचा परवाना आपल्या कार्यालयाने रद्द केला असून त्याबाबत अर्जदाराची कोणतीही तक्रार नाही. निर्णय योग्य आहे. तथापि, अर्जदार सदर गाडीत रोज चार वेळा बसत असून गाडीस कोठे काय होत आहे, हे त्यास इतरांच्या आधी समजते व तो ते चालकास सांगतो. चालक ही अर्जदाराची मुलगी असून ती दहापैकी आठ वेळा ऐकते. हे काम सध्या कोणत्याही परवान्याशिवाय चालू आहे, ही बाब अर्जदारास कमीपणाची वाटते.

सबब, अर्जदाराची आपल्या सोयीने, कोणत्याही रस्त्यावर, कोणत्याही वेगाने चाचणी घेण्यात यावी व उत्तीर्ण झाल्यास वरीलप्रमाणे परवाना तहहयात मुदतीसाठी देण्यात यावा. ओळख पटण्याच्या दृष्टीने परवान्यावरील छायाचित्र चेहऱ्याचे न घेता दोन्ही तळहातांचे घेण्यात यावे, ही नम्र विनंती.